पहिलटकरणीचा रकाना

माझ्या शोधनिबंधाचा प्रभावांक एक लाखाच्या पुढे गेला आणि आमच्या नर्सिंग कॉलेजच्या आवारात मंडप उभा राहिला. मी सामाजिक आरोग्य परिचर्या शिकवते, म्हणजे तेव्हा शिकवत होते. मेडिकल कॉलेजवाले आमच्या विषयाला ‘घरोघर फिरणाऱ्या बायकांचा विषय’ म्हणायचे. तेच लोक आता फोन करून ‘निमगडे मॅडम, आम्हालाही एखाद्या निबंधात घ्या’ म्हणत होते. मला आतून गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोलू?

पाझर येण्याआधी निबंधाची किंमत कशावरून ठरायची? इतर किती निबंधांनी त्याचं नाव घेतलं यावरून. तू माझं नाव घे, मी तुझं घेते, असा सगळा हळदीकुंकवाचा मामला. गावातल्या बाळंतिणीला त्याचा उपयोग झाला की नाही, हे कुणी विचारत नसे. पाझरने ते बदललं. पाझर म्हणजे एक संगणकी मेंदू. छापून आलेला प्रत्येक निबंध तो वाचतो, त्यातलं करण्याजोगं काय ते वेगळं काढतो आणि गावोगावच्या सिस्टरांच्या टॅबवर सूचना म्हणून उतरवतो. पण सगळीकडे एकदम नाही. चिठ्ठ्या टाकून काही उपकेंद्रांना आज, काहींना तीन महिन्यांनी. मग दोन्हीकडच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवतो. गावं सारखी, माणसं सारखी, फरक काय तो सूचनेचा. तेव्हा आजारपणात, मृत्यूत, सिस्टरच्या वाचलेल्या फेऱ्यांत जो फरक पडेल, तो त्या निबंधाचा. किती माणसांचं भलं झालं, तो आकडा म्हणजे प्रभावांक.

ही पद्धत चांगली आहे. आजही मी तेच म्हणेन. फक्त पाझरला नोंदीपलीकडचं जग दिसत नाही, आणि नोंदी आम्हीच लिहितो.

माझा निबंध असा होता. बाळ जन्मल्यावर सिस्टरने तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी जाऊन ते पाहायचं, हा जुना नियम. मी बारा उपकेंद्रांची सहा वर्षांची रजिस्टरं तपासली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळांत सातव्या दिवशी चाळिसात एक आजारी सापडत होतं. पहिलटकरणींच्या सहा हजार बाळांत सापडली अवघी तीन! मग मी त्याचं कारणही शोधून काढलं: पहिल्या बाळाकडे घरच्यांचं लक्ष जास्त असतं. म्हणून पहिलटकरणीचं बाळ अडीच किलोच्या वर असेल तर सातव्या दिवसाची फेरी गाळा आणि ती अशक्त बाळांना द्या, अशी माझी शिफारस. परीक्षकांनी वाहवा केली. पाझरने सूचना उतरवली, चौदा महिन्यांत ती अकरा जिल्ह्यांत पोचली. जिथे पोचली तिथे अशक्त बाळांची तब्येत सुधारली आणि कुठेही नुकसान दिसलं नाही.

तर मंडपात त्या बारा उपकेंद्रांच्या सिस्टरांना शाल-श्रीफळ होतं. त्यांत शकुन रामटेके होती. शकुन आणि मी एकाच वर्षी नर्सिंगच्या शाळेत होतो, एका खाटेवर झोपलेल्या. मी पुढे शिकत गेले, ती कोसमटोल्याला एकतीस वर्षं सिस्टर राहिली. चारचौघांत मला ‘मॅडम’ म्हणते. चहाच्या वेळी आम्ही दोघीच मंडपामागे गेलो तेव्हा तिने शालीची घडी घातली आणि सहज म्हणाली,

“वत्सले, एक विचारू का व? पहिलटकरणीची सातव्या दिवसाची भेट तू काहून बंद केली?”

“तुझ्याच रजिस्टरवरून केली. तुझ्याकडे एकही बाळ आजारी सापडलं नाही.”

“सापडन कसं? ते इथं कुठं राह्यते? पहिल्या बाळंतपणाले पोरगी माहेरी जाते ना.”

मी कप खाली ठेवला.

“मग सातव्या दिवसाच्या रकान्यात ‘ठीक’ लिहिलंय ते?”

“आम्ही सासूले विचारत होतो. ‘सूनबाई ठीक आहे का, बाळ ठीक आहे का?’ ते म्हणे ठीक आहे. मग लिहून टाकत होतो. रकाना रिकामा ठेवला का वरून बोलणं बसते. सगळ्याच लिहितात.”

“आणि तिकडे माहेरी? तिकडे कोणी पाहायचं नाही?”

“पाह्यत होते ना! गावात बाळंतीण आली का तिथली सिस्टर जातेच. माझ्या गावात माहेरी आलेल्या पोरी मीच पाह्यत होती. पण त्या माझ्या यादीत नसतात, त्याईचं लिहू कुठं? बाळ आजारी दिसलं का गाडी बोलावून पाठवून द्यायचं, झालं.” शकुनने शाल काखेत धरली. “आता जाता येत नाही. तुझी सूचना आली तवापासून फेऱ्या अशक्त बाळांसाठी राखल्या, यादीबाहेरच्या घरी गेलं का टॅब लाल होते. ‘अनावश्यक फेरी’ म्हणते.”

म्हणजे फेरी खरी होती, पण ती लिहिली जात नव्हती. आणि जे लिहिलं जात होतं, ते झालेलंच नव्हतं. मी न झालेलं मोजलं आणि झालेलं बंद केलं.

यात सगळ्यात लाजिरवाणं काय, सांगू? पहिल्या बाळंतपणाला मी स्वतः माहेरी गेले होते. तिथली सिस्टर सातव्या दिवशी येऊन माझ्या मुलीची बेंबी पाहून गेली होती. माझ्या तक्त्यात मी वय, वजन, शिक्षण, चूल की गॅस असे एकोणचाळीस रकाने केले होते. ‘बाळंतीण कुठे आहे’ हा चाळिसावा मला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी शकुनबरोबर निघाले. बारा उपकेंद्रांतल्या पहिलटकरणींची नावं घेऊन त्यांच्या माहेरच्या गावी जायचं आणि विचारायचं. धानाच्या रोवणीचे दिवस होते, घरं रिकामी. माणसं गाठायला बांधाबांधाने जावं लागलं. नऊ दिवसांत आम्हाला पाच बाळं सापडली. पाचही सहाव्या ते बाराव्या दिवसात गेलेली. सासरच्या रजिस्टरात त्यांच्यापुढे नेहमीचं ‘ठीक’ होतं, माहेरच्या यादीत ती आलेलीच नव्हती. मेल्याची नोंद होती ती ग्रामपंचायतीत, आईच्या बापाच्या आडनावाने. पाझरला हे दोन टोकांचे धागे जुळवता येत नव्हते, त्यामुळे त्याच्या लेखी कुणीच मेलं नव्हतं.

हळदीटोल्याची एक पोरगी होती, किरणमाला आत्राम. वय वीस. चिखलाचे पाय तसेच घेऊन ती बांधावर बसली.

“सहाव्या दिवसापासून पेत नव्हता,” ती म्हणाली. “रडतही नव्हता. आई म्हणे, गरीब लेकरू आहे, तरास देत नाही.”

“हात लावून पाहिला होता का? अंग गार होतं?” मी विचारलं.

“गार होतं. पावसाचे दिवस होते ना.” मग ती शकुनकडे वळली. “आमच्या गावची सिस्टर घरासमोरून गेली त्या दिवशी. माझ्या बापानं हाक मारली. ते म्हणे, तुमची पोरगी माझ्या यादीत नाही, टॅब घेत नाही. मग तुम्ही कोणत्या यादीतल्या आहात?”

न पिणारं, गार पडलेलं बाळ म्हणजे जंतुसंसर्ग, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा सांगेल. सातव्या दिवशी कुणी आत जाऊन नुसता हात लावला असता तरी तो वाचला असता. मी तिच्या शेजारी बांधावर बसले. त्या पोरीने मला पाणी दिलं.

परतताना एस.टी.त मी हिशेब केला. बारा उपकेंद्रांत चौदा महिन्यांत पाच. अकरा जिल्ह्यांत उपकेंद्रं तीन हजार. गणित येत असल्याचा तेव्हा फार राग आला. दिवसाला तीन बाळं.

पाझर मंडळाच्या विभागीय कचेरीत सौरभ पाथोडे नावाचे समन्वयक होते. तरुण, हसतमुख, खुर्ची स्वतः ओढून देणारे. मी सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

“मॅडम, सूचना थांबवायचे तीन मार्ग आहेत,” ते म्हणाले. “पहिला, उलट निष्कर्षाचा निबंध. पण त्याचा प्रभावांक तुमच्याहून जास्त हवा.”

“नव्या निबंधाला अंक कुठून येणार? तो आधी गावात उतरायला हवा ना?”

“आणि तुमचा आहे तोवर तो उतरणार नाही. बरोबर. दुसरा मार्ग, प्रामाणिक चूक. रजिस्टर खोटं होतं हे सिद्ध करायचं. बारा सिस्टरांची चौकशी, तुमच्या निबंधावर उभ्या असलेल्या दोनशे साठ निबंधांची फेरतपासणी. तेरा-चौदा महिने.”

“चौदा महिन्यांत बाराशे बाळं जातील, पाथोडे.”

“ती नोंदीत नाहीत, मॅडम. तातडीसाठी मला नोंद दाखवावी लागते. ही पाच नावं मी आजच वर पाठवतो. पण पाच...”

“मी सही करतो, लिहून घ्या,” शेजारून शकुन म्हणाली. “मी खोटं लिहिलं. मले काढून टाका, पण आज बंद करा.”

“मावशी, तुमच्या सहीने चौकशी सुरू होईल. सूचना बंद होणार नाही.”

“आणि तिसरा मार्ग?” मी विचारलं.

पाथोडेंनी आधी दाराकडे पाहिलं. “लेखकाची कबुली. माहिती मीच बनवली, रजिस्टरातले आकडे माझ्या मनचे, असं लेखकाने स्वतः जाहीर केलं तर चौकशी लागत नाही. एका दिवसात सूचना काढली जाते. पण त्या लेखकाचं सगळंच काढलं जातं. हात खोटा ठरला की त्या हाताचं एकही लिखाण पाझर ठेवत नाही. आणि मॅडम, तुम्ही तर काही बनवलेलं नाही.”

सगळंच काढलं जातं. म्हणजे माझा सुती फडक्यांचा निबंधसुद्धा.

तो सांगायला हवा, कारण आयुष्यात मी एकच खरं काम केलं असेल तर ते. बाळंतपणानंतर बाईचं किती रक्त गेलं ते डोळ्यांनी कळत नाही. नवी सिस्टर नेहमी कमीच समजते आणि बाई हातची जाते. माझ्या गावची एक सुईण ठरावीक मापाचं सुती फडकं अंथरायची. दुसरं भिजलं की म्हणायची, आता माझं काम नाही, गाडी जुंपा. मी ते फडकं मोजलं, वजन केलं, चार वर्षं अभ्यास केला. टॅबवर सूचना आली: फडकं अंथरा; दुसरं भिजलं की वाट पाहू नका, पाठवा. दुसऱ्या फडक्याची नोंद केली की टॅब स्वतःच गाडी बोलावतो. पाझरच्या हिशेबाने त्यामुळे पाच वर्षांत चारशे बारा आया वाचल्या. महिन्याला सात.

“फडकं तेवढं ठेवता येणार नाही?” मी विचारलं. आवाज भिकाऱ्यासारखा आला होता, माझा मलाच ऐकू आला.

“दुसऱ्या कुणी नव्याने अभ्यास करून छापला तर. वर्ष-दीड वर्ष.”

बाहेर पडून आम्ही दोघी कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो. दुपारचं ऊन होतं. शकुनने डबा उघडला, पण कुणी हात लावला नाही.

“तू हे करू नको,” ती म्हणाली. “खोटं मी लिहिलं. माझं पाप तू आपल्या माथी काहून घेते?”

“रकाना मी आखला होता, शकुन. तू रिकामा ठेवला असतास तर तुला बोलणं बसलं असतं. तुझ्याकडे दुसरं काय होतं?”

“लोकं तुले चोट्टी म्हणतीन. तुझ्या पोरीले काय सांगशीन?”

माझी मुलगी अन्वया परदेशात हाच विषय शिकत होती. तिच्या प्रवेशअर्जावर अभिमानाने लिहिलं होतं, अमक्या निबंधाच्या लेखिकेची मुलगी. मी तिला तिथूनच फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“आई, तू खोटं बोलून खरं दुरुस्त करणार आहेस. उद्या आपल्या विषयावर कोण विश्वास ठेवेल? सगळे म्हणतील, या बायका आकडे बनवतात.”

“बरोबर आहे तुझं.”

“मग?”

“मग आज तीन बाळं गेली, अन्वया. उद्या तीन जातील.”

तिने फोन ठेवला. रागाने नाही, रडू आलं म्हणून. पण त्यानंतर तिने मला बरेच दिवस फोन केला नाही, आणि तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

“फडक्याचं काय करशीन?” शकुनने विचारलं.

“तुम्ही जुन्या सिस्टर सोडणार नाही. टॅब असो नसो, फडकं अंथरालच.”

“आम्ही अंथरू. नव्या पोरीचं काय? त्या टॅब म्हणन तेच करतात.”

“प्रत्येकीला फोन करायचा. तू करायचास. माझं आता कोण ऐकेल?”

“तीन हजार जणीले?”

“तीन हजार जणीले.”

तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं की ते होणार नाही. तरी तिने मान डोलावली. मी वर जाऊन कबुलीचा अर्ज भरला. चार ओळींचा होता. वरील निबंधातील नोंदी मी स्वतः तयार केल्या. संबंधित सिस्टरांना याची कल्पना नव्हती. मूळ रजिस्टरांशी त्यांचा मेळ नाही. ही कबुली मी कोणत्याही दबावाविना देत आहे. पाथोडेंनी शेवटचं विचारलं, “नक्की?” मी सहीच्या जागी बोट टेकवलं. त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जिल्ह्यांतल्या टॅबवर सातव्या दिवसाची भेट परत आली, पहिलटकरणींसकट, आणि यादीबाहेरच्या घराला लाल होणंही थांबलं. त्याच सकाळी फडकं गेलं.

पुढचं लवकर सांगते, कारण ते कुणालाही सांगता येईल असंच आहे. नोकरी गेली, नर्स म्हणून नोंदणी गेली, डॉक्टरेट परत घेतली. ज्यांनी मंडप घातला त्यांनी माझ्या नावाची पाटी काढली, आणि ‘आम्हाला आधीपासून शंका होती’ म्हणणारे इतके निघाले की हसू यावं. एका विद्यार्थिनीने रस्त्यात तोंड फिरवलं. त्याचं मात्र लागलं.

शकुन उपकेंद्रामागून उपकेंद्राला फोन करत राहिली. सिस्टरांना सांगायची, माहेरी आलेल्या पोरीकडे गेलात तर आता ‘इतर’ रकान्यात लिहा, न लिहिलेलं मेलेलं असते. आणि सांगायची, फडकं सोडू नका. चार महिन्यांत तिचे नऊशे फोन झाले. घसा बसला होता तिचा.

पाचव्या महिन्यात एका दुपारी ती न सांगता घरी आली. चपला काढायचं विसरून आतच आली.

“चिखलीची सिस्टर आहे ना, नवीन, चोवीस वर्षाची,” ती म्हणाली. “तिच्याकडं काल एक बाई गेली. शेवंता कुंभरे. दुसरं बाळंतपण. पोरगी झाली, पोरगी चांगली आहे.”

“फडकं अंथरलं नव्हतं?”

“अंथरलं होतं. मीच फोनवर सांगतलं होतं तिले. दोन भिजले. मग तिनं टॅब पाह्यला. टॅब काही म्हणेना. तिले वाटलं, वरून नियम काढला म्हणजे काही कारण असन. थांबली. तिसरं टाकलं.” शकुन खाली बसली. “मले फोन केला तवा चवथं होतं.”

शेवंताच्या घरी सासू असेल, नवरा असेल, मोठं मूल असेल. त्यांना कुणी जाऊन सांगेल का की पाच महिन्यांपूर्वी एका बाईने कचेरीत बोट टेकवलं आणि त्या टॅबचं तोंड बंद झालं?

“तुले माहीत होतं ना, असं होईन?” शकुनने विचारलं.

“होतं.”

“आता विचारलं तर पुन्हा करशीन?”

“करीन,” मी म्हणाले, आणि मला ढसाढसा रडू आलं. शकुनने मला जवळ घेतलं नाही. तीही रडत होती.

मग तिने पिशवीतून टॅब काढला. पाझरवर माझं नाव टाकलं. कशासाठी ते तिलाही कळत नसावं. माझे तेवीस निबंध राखाडी झाले होते, प्रत्येकाच्या पुढे शून्य. खाली एकच ओळ जिवंत होती. पाझर छापलेलं सगळं वाचतो, तशी त्याने माझी कबुलीही वाचली होती. कबुलीआधीच्या आणि नंतरच्या नोंदींची त्याने तुलना केली होती. सिस्टर आता ‘इतर’मध्ये लिहीत असल्यामुळे पाठवलेली आजारी बाळं त्याला पहिल्यांदाच दिसली होती. चार ओळींचा तो खोटा कागद. त्याच्यापुढे लिहिलं होतं: वाचलेले जीव, तीनशे सात.

शकुनने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“यात शेवंता कुठं आहे?”

“ती वजा झाली आहे.”

“अजून किती जणी वजा झाल्या?”

मी आकड्याला हात लावून पाहिला. तो उघडत नव्हता.

“ते दाखवत नाही,” मी म्हणाले.